उच्च शिक्षणाचा उंबरठा आणि रत्नागिरीचा विद्यार्थी

१८७५ साली दापोली तालुक्यातील मुरूड गावाहून सतरा वर्षांचा एक मुलगा काही सोबत्यांसह साताऱ्यास पायी निघाला. सरकारी नोकरीस पात्र ठरविणारी परीक्षा तेथे व्हावयाची होती. दिवस पावसाचे, अंतर सुमारे ११० मैलांचे आणि वाटेत सह्याद्रीचा चढ. चार दिवस भिजत, चिखल तुडवीत ही मुले साताऱ्यास पोचली. परीक्षेस बसणाऱ्याचे वय सतरा वर्षे पूर्ण असले पाहिजे असा नियम होता, आणि तसा दाखला मुलाच्या हाती होता. परंतु परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्याच्या किरकोळ अंगयष्टीकडे पाहिले आणि ‘हा सतरा वर्षांचा दिसत नाही’ एवढ्या कारणावरून त्यास परत पाठविले. दाखला खरा होता, वय खरे होते, तयारीही खरी होती. उणे पडले ते केवळ दिसणे. त्या मुलाचे नाव धोंडो केशव कर्वे. पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. पण साताऱ्याचा तो प्रसंग ते आयुष्यभर विसरले नाहीत.

याच दापोली तालुक्यात, मुरूडपासून फार लांब नसलेल्या मुर्डी गावी, १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. ते कर्व्यांच्या नात्यातले. त्यांच्या शिक्षणाची काळजी कर्व्यांनी वाहिली. कोणती शाळा, कोणती परीक्षा, पुढे कोणते महाविद्यालय, हे सांगणारा एक अनुभवी माणूस या मुलाच्या पाठीशी प्रथमपासून उभा होता. परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली तेथील गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम येऊन ‘सीनियर रँग्लर’ झाले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय.

परांजप्यांची बुद्धिमत्ता असामान्य होती यात शंका नाही. परंतु एकाच तालुक्यातील, एका पिढीच्या अंतराने जन्मलेल्या या दोन मुलांमध्ये आणखीही एक फरक होता, तो विसरता कामा नये. कर्व्यांच्या पुढे वाट दाखविणारे कोणी नव्हते. परांजप्यांच्या पुढे कर्वे होते. रत्नागिरी जिल्ह्यातील पदवीधर मुलामुलींच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न आज नेमका येथेच अडलेला आहे.

निकालांचा मान आणि त्यापुढची पोकळी

रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे स्वतंत्र कोकण विभागीय शिक्षण मंडळ अस्तित्वात आले, तेव्हापासून म्हणजे २०१२ पासून, दहावी आणि बारावीच्या निकालांत हा विभाग राज्यात अग्रभागी राहिला आहे. दरवर्षी या यशाचा यथोचित गौरव होतो. मात्र शाळेत राज्यात पहिली आलेली ही मुले पाच-सहा वर्षांनी कोठे असतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ सालचे. विद्यापीठ मात्र सव्वातीनशे किलोमीटरांहून दूर मुंबईस. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र रत्नागिरीत आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीस कृषी विद्यापीठ आहे. तरीही ज्याला भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास वा समाजशास्त्र यांत संशोधनापर्यंत जावयाचे आहे, त्याला घर सोडावेच लागते. घर सोडणे कोकणाला नवीन नाही. गिरणीत, गोदीत, हॉटेलात नोकरीसाठी मुंबई गाठावयाची कशी, कोणाच्या खोलीवर उतरावयाचे आणि कोणाला भेटावयाचे, याचे ज्ञान येथील प्रत्येक वाडीने पिढ्यान्‌पिढ्या जपले. संशोधन संस्थेत प्रवेश कसा मिळवावयाचा याचे ज्ञान मात्र वाडीपर्यंत पोचलेले नाही.

हे ज्ञान गुप्त आहे असे नव्हे. महानगरातील प्राध्यापकाच्या, डॉक्टरच्या वा सनदी अधिकाऱ्याच्या घरात ते जेवणाच्या टेबलावरच मुलांना मिळते. अर्ज केव्हा करावयाचा, शिफारसपत्र कोणाकडे मागावयाचे, मुलाखतीत काय विचारतात, याची चर्चा त्या घरात इतक्या सहजपणे होते की, हीसुद्धा एक वारसाहक्काने मिळालेली मालमत्ता आहे याची जाणीवही त्या घराला नसते. ज्यांच्या घरी ती नाही त्यांच्यासाठी बाजार आहे: शिकवणी वर्ग, सल्लागार आणि परदेशी विद्यापीठांचे दलाल. ज्याच्याजवळ वारसाही नाही आणि पैसाही नाही, तो मुळात अर्जच करीत नाही. त्याचे अपयश कोठेही नोंदले जात नाही, कारण तो कोणत्याच यादीत नसतो.

अर्ज: वेळापत्रक, कागद आणि निवेदन

म्हणून पहिली गोष्ट वेळापत्रकाची. विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी असलेल्या ‘जॅम’ आणि ‘गेट’ या परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास होतात, परंतु त्यांचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये भरावयाचे असतात. केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा २०२२ पासून सुरू झाली. तिचेही अर्ज पदवीचे अखेरचे वर्ष संपण्याच्या बरेच आधी मागविले जातात. अमेरिकेतील विद्यापीठांच्या मुदती बहुधा डिसेंबर व जानेवारीत संपतात. पदवीचा निकाल लागला की पुढचे पाहू, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे एक वर्ष तेथेच गेले असे समजावे. मुलाखती व प्रवेशाच्या फेऱ्या पुष्कळदा एप्रिल, मे व जूनमध्ये येतात. म्हणजे घरात आंब्याची काढणी, पेट्या भरणे आणि पुढे शेतीची कामे चालू असतात तेव्हा. घरातील एक जाणता हात त्या आठवड्यात चार दिवस बाहेर राहणार, हे घरच्यांशी आधी बोलून ठेवावे लागते. मुलीच्या बाबतीत तर हे बोलणे कित्येकदा प्रवेश परीक्षेपेक्षा अवघड ठरते, आणि तेथे कार्यकर्त्याचा, विशेषतः कार्यकर्तीचा, शब्द उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर यांसाठी सेतू कार्यालयातील खेपा येथील प्रत्येक पालकाला परिचित आहेत. परंतु केंद्रीय संस्थांत इतर मागासवर्गीयांसाठी असलेल्या जागेवर अर्ज करताना राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र चालत नाही. केंद्रीय नमुन्यातील वेगळे प्रमाणपत्र लागते, तेही बहुधा चालू आर्थिक वर्षातील, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेले. शिवाय राज्याच्या यादीतील प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. या एका कागदाअभावी गुणवत्ता यादीत आलेल्या विद्यार्थ्यालाही आपली राखीव जागा सोडावी लागते. आरक्षणाचा हक्क लढून मिळवावयाचा आणि कागदाच्या नमुन्यापायी गमवावयाचा, ही गोष्ट चळवळीला भूषणावह नाही.

तिसरी गोष्ट शिफारसपत्राची. विद्यार्थ्यांचा समज असा की, पत्र जितक्या मोठ्या पदाच्या माणसाचे तितके ते वजनदार. वस्तुतः ज्याने विद्यार्थ्याचे काम जवळून पाहिले आहे त्याचेच पत्र निवड समितीला काही सांगू शकते. ‘विद्यार्थी होतकरू व सुशील आहे’ एवढेच लिहिणाऱ्या प्राचार्यांच्या पत्रापेक्षा, प्रयोगशाळेत त्याने कोणती चूक कशी शोधून काढली हे सांगणारे तासिका तत्त्वावरील तरुण शिक्षकाचे पत्र अधिक मोलाचे असते. मात्र अनेक संस्था शिफारस करणाऱ्याचा महाविद्यालयीन ईमेल पत्ता मागतात, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला तो पुष्कळदा दिलेलाच नसतो. तो मिळवून देणे हे महाविद्यालयाचे काम आहे आणि विद्यार्थी संघटनांनी त्याची मागणी केली पाहिजे. पत्र मागताना शिक्षकाला निदान महिनाभराचा अवधी द्यावा. सोबत गुणपत्रके, प्रकल्पाची प्रत आणि कोणत्या संस्थेत कशासाठी अर्ज करीत आहोत याचे अर्ध्या पानाचे टिपण द्यावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपल्या हेतूचे निवेदन, ज्याला ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणतात. येथे ग्रामीण विद्यार्थी हमखास फसतो. लहानपणापासून विज्ञानाची आवड, देशसेवेची इच्छा, थोरांची वचने, असा मजकूर तो कोठून तरी उतरवून घेतो. निवड समितीला जाणून घ्यावयाचे असते ते एवढेच: या विद्यार्थ्याला कोणता प्रश्न पडला आहे, त्याने त्याबाबत आजवर काय केले आहे, आणि याच संस्थेत, याच मार्गदर्शकाकडे तो का येऊ इच्छितो. असा प्रश्न शोधण्यासाठी रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. जांभ्याच्या सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या सड्यांवर गुरे चारीत वाढलेल्या मुलाला तेथील पाणी, गवत आणि जमीन यांचे असे ज्ञान असते की जे कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, रत्नागिरीत नजरकैदेत होता. साम्राज्यशाहीच्या इतिहासाचा हा धागा या शहराच्या दारात आहे. खाडीतील मासळीचे घटते प्रमाण, यांत्रिक नौका आणि पारंपरिक मच्छीमार यांचा संघर्ष, मनिऑर्डरीवर चाललेले घर आणि त्यातील स्त्रीचे श्रम, हे सारे संशोधनाचे विषय आहेत. ‘हे काय, आमच्या गावचेच’ म्हणून विद्यार्थी जे बाजूस सारतो, तेच त्याचे भांडवल असते.

मुलाखत: मौखिक गुणांचे राजकारण

साताऱ्याच्या प्रसंगाला दीडशे वर्षे झाली. आता दिसण्यावरून कोणी परत पाठवीत नाही, असे म्हणता येईल काय? जवाहरलाल नेहरू विद्यापीठात लेखी परीक्षेला ७० आणि मौखिक परीक्षेला ३० टक्के भार होता. वंचित समाजगटांतील विद्यार्थ्यांना लेखीच्या मानाने मौखिक परीक्षेत सातत्याने कमी गुण मिळतात, अशी तक्रार तेथे वर्षानुवर्षे होती. विद्यापीठानेच नेमलेल्या प्रा. अब्दुल नाफे समितीने २०१६ साली प्रवेशाच्या आकड्यांची तपासणी केली, आणि ही तफावत भेदभावाकडे बोट दाखविते असे नमूद करून मौखिकाचा भार ३० वरून १५ वर आणावा अशी शिफारस केली. नेमक्या त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने उलट दिशेचा नियम केला: लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती, आणि पीएच.डी.ची निवड सर्वस्वी मुलाखतीवर. विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध झगडा दिला, आणि २०१८ साली ७० व ३० हे प्रमाण पुन्हा आले. २०२४ मध्ये आयोगाने पीएच.डी. प्रवेश राष्ट्रीय पात्रता परीक्षेशी, म्हणजे ‘नेट’शी, जोडला. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांची निवड मुलाखतीने आणि इतर दोन गटांतील उमेदवारांसाठी नेटचे ७० व मुलाखतीचे ३० टक्के, अशी ती व्यवस्था. त्या दोन गटांसाठी प्रवेशापुरती ही गुणसंख्या एकच वर्ष ग्राह्य धरली जाते, हेही विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

मुलाखत मुळातच नको, अशी भूमिका काही जण घेतात. ती एकांगी आहे. केवळ लेखी परीक्षा ठेवली म्हणजे न्याय होतो असे नाही. ती शिकवणी वर्गांच्या हाती जाते, आणि १८ जून २०२४ रोजी झालेली नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द करावी लागली, या घटनेने तिच्या पावित्र्याविषयीचा भ्रमही दूर झाला. जाणत्या आणि न्यायी परीक्षकासमोर, गुणपत्रिकेत मागे पडलेला परंतु स्वतंत्र विचार करणारा विद्यार्थी उठून दिसू शकतो. तेव्हा मागणी असावी ती मुलाखतीवरील नियंत्रणाची: तिचा भार मर्यादित असावा, निकष लेखी असावेत, समितीत वंचित गटांचे प्रतिनिधी असावेत आणि लेखी व मौखिक असे दोन्ही गुण जाहीर व्हावेत.

हे होईल तेव्हा होईल. तोवर विद्यार्थ्याला याच टेबलासमोर बसावयाचे आहे, म्हणून त्याला तयार करणे भाग आहे. मुलाखतीत बहुधा विषयाच्या मुळाशी असलेले साधे प्रश्न विचारले जातात आणि पाठांतर करणारा विद्यार्थी नेमका तेथेच अडखळतो. पदवीच्या वर्षांतील आपल्या आवडीचे दोन विषय पायापासून पक्के करावेत. आपल्या प्रकल्पाविषयी पाच मिनिटे, कागद न पाहता, गावातील शहाण्या माणसाला समजेल अशा भाषेत बोलता आले पाहिजे. न येणाऱ्या प्रश्नाला ‘मला ठाऊक नाही, परंतु अशा रीतीने शोध घेईन’ असे सरळ उत्तर द्यावे; अज्ञान झाकणारा उमेदवार समितीला लगेच ओळखू येतो. प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही. इंग्रजी साधे असावे, वाक्ये छोटी असावीत. उच्चारांची लाज बाळगू नये. धुतलेला, नीटनेटका पोशाख पुरेसा आहे. उसना कोट घालून अवघडून बसण्याचे कारण नाही.

याचा सराव घरच्या घरी होत नाही. तालुक्याच्या गावी एखादा महाविद्यालयीन शिक्षक, एखादा निवृत्त मुख्याध्यापक आणि एखादी बँक अधिकारी अशा तिघांनी टेबलामागे बसून अर्धा तास प्रश्न विचारावेत. अनोळखी तीन माणसांसमोर पहिल्यांदा बोलण्याची भीती रत्नागिरीत संपावी. ती मुंबईस वा बंगळूरास नेण्याची गरज नाही.

संस्थेची भेट: पाहुणा म्हणून नव्हे, नागरिक म्हणून

संपन्न घरातील विद्यार्थी प्रवेश घेण्यापूर्वी दोन-चार संस्था पाहून येतो. अमेरिकेतील कित्येक विद्यापीठे तर निवडलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना स्वखर्चाने भेटीस बोलावितात. आपल्याकडील गरीब विद्यार्थी संस्था प्रथम पाहतो ती प्रवेशाच्या दिवशी, ट्रंक घेऊन. तेव्हा मत बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. यावर व्यवहार्य उपाय असा की, मुलाखतीच्या फेरीतच ही भेट साधून घ्यावी. आदल्या दिवशी पोचावे, मुलाखतीनंतर लगेच कोकण रेल्वेची गाडी गाठण्याची घाई करू नये, आणि निदान अर्धा दिवस तेथील विद्यार्थ्यांत घालवावा.

इमारती आणि हिरवळ पाहण्यात वेळ दवडू नये. ज्या मार्गदर्शकाकडे काम करावयाचे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावे आणि विचारावे: येथे पीएच.डी.ला प्रत्यक्षात किती वर्षे लागतात? मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात? किती जणांनी काम अर्ध्यावर सोडले, आणि का? शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला येते की सहा महिन्यांनी? वसतिगृहात खोली केव्हा मिळते, खाणावळीचा खर्च किती, मुलींच्या वसतिगृहाचे दरवाजे किती वाजता बंद होतात? अनुसूचित जाती-जमातींसाठीचा कक्ष आणि लैंगिक छळविरोधी समिती कागदावर आहे की काम करते? या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात नसतात.

हे विचारणे म्हणजे संशयखोरपणा नव्हे. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील रोहित वेमुला याचा जानेवारी २०१६ मध्ये मृत्यू झाला, तेव्हा त्याची कित्येक महिन्यांची शिष्यवृत्ती थकलेली होती. प्रवेश मिळाला म्हणजे उंबरठा ओलांडला असे होत नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ च्या आरंभापासून दरमहा ३७,००० रुपये झाली हे खरे; परंतु ज्याच्या घरून एक रुपया येऊ शकत नाही त्याच्या दृष्टीने रकमेइतकीच तारीखही महत्त्वाची असते. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांना आझाद मैदानात बसावे लागले, हे विसरून चालणार नाही.

परदेशाची वाट

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की जिल्ह्यातील सामान्य माणसाला ते श्रीमंतांचे काम वाटते. या जिल्ह्याचा इतिहास तसे सांगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. मूळचे केळूसचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी शब्द टाकल्यामुळे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले. आणि १९१३ साली बडोदा संस्थानच्याच दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. येथेही प्रज्ञेच्या जोडीला एक जाणता माणूस योग्य वेळी उभा राहिलेला दिसतो.

आजच्या विद्यार्थ्याने चार गोष्टी जाणून घ्याव्यात. अमेरिकेतील चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा शुल्क माफ असते आणि अध्यापन वा संशोधन साहाय्यक म्हणून विद्यावेतन मिळते. कर्ज काढावे लागते ते मुख्यतः एम.एस.सारख्या अभ्यासक्रमांना. अर्जाचे शुल्क आर्थिक अडचण दाखवून विनंती केल्यास अनेक ठिकाणी माफ होते. २०२० नंतर पुष्कळ विभागांनी जीआरई परीक्षेची अट काढून टाकली आहे. परीक्षेचे पैसे भरण्यापूर्वी ते पाहून घ्यावे. आणि आर्थिक साहाय्यासह प्रवेश देऊ करणारी बहुतेक अमेरिकन विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत निर्णयाची मुभा देण्यास आपसांतील ठरावाने बांधलेली आहेत. त्याआधी उत्तर द्या म्हणून घाई करणाऱ्या दलालाला भीक घालू नये. घर वा आंब्याची कलमे गहाण टाकून घेतलेले कर्ज हा शेवटचा मार्ग, पहिला नव्हे.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन योजनांची माहिती वाडीवाडीत पोचली पाहिजे. पण त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, केंद्राच्या योजनेच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. मे १९१६ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांनी कोलंबियात निबंध वाचला तो भारतातील जातींच्या उगमावर. ज्या योजनेचे नैतिक अधिष्ठान त्यांच्या परदेशी शिक्षणाच्या उदाहरणात आहे, त्या योजनेच्या या नियमाखाली त्यांचा स्वतःचा विषय बसला नसता. माहिती देणे आणि अन्यायावर बोट ठेवणे ही दोन वेगळी कामे नाहीत, ती अशी.

कार्यकर्त्यांचे काम

येथे काही साथी विचारतील, आणि त्यांचा प्रश्न टाळण्याजोगा नाही: एकेका विद्यार्थ्याला शिडी चढण्यास मदत करणे हे चळवळीचे काम आहे काय? जागा तेवढ्याच राहतात. एकाला मार्गदर्शन मिळाले म्हणून तो आत गेला तर दुसरा कोणी तरी बाहेर राहिला. शिवाय वर चढलेला बहुधा परत येत नाही. कोकणाने आजवर माणसे पाठविली आणि मनिऑर्डरी घेतल्या. आता पदवीधर पाठवावयाचे काय?

या आक्षेपात तथ्य आहे. केवळ सल्ला दिल्याने जागा वाढत नाहीत, शुल्क कमी होत नाही आणि रिक्त प्राध्यापकपदे भरली जात नाहीत. म्हणूनच सल्ला हा लढ्याला पर्याय होऊ शकत नाही. परंतु लढा चालू आहे म्हणून यंदाच्या विद्यार्थ्याला थांबवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याचे वर्ष परत येणार नाही. आणि आज जी जागा त्याला मिळत नाही ती रिकामी राहत नाही. ज्याच्या घरात हे ज्ञान आधीपासून आहे त्यालाच ती जाते. वारशाने चालत आलेले ज्ञान सार्वजनिक करणे हेही मालमत्तेचे पुनर्वाटपच आहे. यात कोणाचे काही हिरावले जात नाही, फक्त मक्तेदारी संपते. गेलेला परत येईल की नाही हे बव्हंशी येथे काय उभे राहते यावर अवलंबून आहे. रत्नागिरीत संशोधनाची सोय आणि कायम शिक्षकांच्या जागा नसतील तर परत येण्याचे आवाहन पोकळ ठरेल.

तेव्हा कामाची विभागणी स्पष्ट आहे. गणपतीस चाकरमानी गावी येतात. त्यांत कोणी संशोधन संस्थेत शिकणारा असतो, कोणी प्राध्यापिका, कोणी प्रयोगशाळेत काम करणारा. आरती आणि भजन यांच्या मधल्या एका दुपारी तालुक्याच्या ठिकाणी त्यांना आणि पदवीच्या अखेरच्या वर्षाच्या मुलामुलींना एकत्र बसवावे. अर्जांचा हंगाम नेमका तेव्हाच चालू असतो. दिवाळीपूर्वी केंद्रीय नमुन्यातील दाखल्याचा नियम आणि लागणाऱ्या कागदांची मराठी यादी तयार ठेवावी. मार्चमध्ये मुलाखतीचा सराव घ्यावा. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर येथील साथींनी मुलाखतीस येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दोन रात्री आपल्या घरी जागा करावी. याला निधी लागत नाही. पत्ते, वेळ आणि सातत्य लागते. आणि जो विद्यार्थी आत जाईल त्याच्याकडून एकच वचन घ्यावे, की पुढच्या वर्षी तो दोघांना आपला अनुभव सांगेल.

त्याच वेळी सरकार आणि विद्यापीठांकडे मागण्या रेटल्या पाहिजेत. मुलाखतीस बोलाविलेल्या गरीब उमेदवाराला प्रवासखर्च मिळावा, अथवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून दूरदृश्य मुलाखतीची सोय असावी. रत्नागिरीच्या उपकेंद्रात उच्च शिक्षण मार्गदर्शनाचा कायम कक्ष असावा आणि त्यात पूर्णवेळ माणूस असावा. अधिछात्रवृत्ती दरमहा ठरलेल्या तारखेस मिळावी. मौखिक गुण जाहीर व्हावेत. यांतील एकही मागणी अवाजवी नाही.

कर्व्यांनी साताऱ्याहून परत येताना ११० मैलांची तीच वाट तुडविली असेल. पुढे त्यांनी स्वतः ज्या मुलामुलींना वाट दाखविली त्यांची गणती नाही. रत्नागिरीत या वर्षी पदवीच्या अखेरच्या वर्षात असलेल्या मुलामुलींच्या याद्या महाविद्यालयांत तयार आहेत. कार्यकर्त्यांनी त्या मागून घ्याव्यात आणि पहिल्या नावापासून सुरुवात करावी.